खंबाटकीच्या वळणावरचा हात

प्रिय संजू,

तुझी लेक जुई सकाळी सहाला तुझी सायकल घेऊन एकटी खंबाटकीला गेली आहे. आता साडेनऊ झाले. तुझी रंजना कामावर गेली. घरात मी आहे आणि माझा फोन आहे. हात रिकामा राहिला तर तो फोन लावणार, हे तुला वेगळं सांगायला नको. म्हणून हातात पेन घेतलं.

तुला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. तू कधी बाहेरगावी राहिलाच नाहीस, मग पत्र कशाला लागणार? सातवी शिकलेल्या माणसाचं पत्र आहे, चुका काढत बसू नकोस. एरवी माझा प्रत्येक अर्ज तू नव्याने लिहून काढायचास. "बाबा, हे साहेबांना वाचता येणार आहे का?" म्हणायचास. हे मात्र आहे तसंच वाच.

फोन मी तांदळाच्या डब्यात ठेवला आहे. मघाशी एकदा बाहेर काढला, पण फक्त चार्जिंग बघितलं. शपथ!

तुला जाऊन सोळा महिने झाले. चार दिवसांचा ताप काय आणि माणूस जातो काय! अजून मला ते खरं वाटत नाही. पण आज त्याबद्दल लिहायचं नाही. मला दुसरंच काही सांगायचं आहे. ते तुला दोन वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. तेव्हा तू समोर बसला होतास आणि मी गप्प राहिलो.

रविवारी तुमचा संघ पुन्हा गेला, संजू! पुणे ते कोल्हापूर. तेच सगळं. सकाळी सहाला कात्रजहून निघायचं, दुपारी चारच्या आत कोल्हापुरात पोचायचं. तिघांनी आळीपाळीने चालवायचं, मनगटावरचा निळा पट्टा एकाने सोडायचा आणि दुसऱ्याने बांधायचा. अभ्यंकर सर होते, फिरोज होता, आणि तुझ्या जागी जुई.

वर्षभर ती पहाटे उठून तुझ्या सायकलवर सराव करत होती. तुझी बैठक तिला उंच पडत होती. फिरोजने त्याच्या सायकलच्या दुकानात ती दोन बोटं खाली घेतली, पण जुन्या उंचीवर पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ मारून ठेवली. मी विचारलं, "ही कशाला रे?" तर म्हणाला, "असू दे काका." आणि पाना घेऊन दुसऱ्याच सायकलकडे वळला.

मी गाडीत बसून येणार, असा हट्ट धरला. रंजना नको म्हणाली, जुईने कपाळावर आठ्या घातल्या. शेवटी अभ्यंकर सर घरी आले. तुझ्याबरोबर शाळेत शिकवणारे हे गणिताचे सर काही बदललेले नाहीत. चहा घेतला, कप खाली ठेवला आणि मला म्हणाले, "काका, आपण जरूर यावं. फक्त तीन गोष्टी. गाडीतून थांब्यावरच उतरायचं. सायकलला आणि चालवणाऱ्याला हात लावायचा नाही, तसा नियम आहे. आणि सूचना देऊ नयेत."

"सूचना नाही देणार. पण काही दिसलं तर?"

"दिसलं तर बघावं."

असे ते. तू यांच्याबरोबर वीस वर्षं एका शाळेत कशी रे काढलीस?

कात्रजहून सर निघाले. आम्ही गाडीने मागोमाग. फिरोज गाडी चालवत होता, जुई मागे बसून खजूर खात होती. मी काहीच बोलत नव्हतो. खेड शिवापूरला फक्त एवढंच म्हणालो की हेल्मेटचा पट्टा घट्ट आहे ना. मग शिरवळच्या अलीकडे टायरमधल्या हवेचं विचारलं. मग पाण्याचं. जुई म्हणाली, "आजोबा, तीन झाले."

शिरवळला सरांनी पट्टा सोडून जुईच्या मनगटावर बांधला. तिचं मनगट किती बारीक! पट्टा शेवटच्या भोकातही सैल होता. मी खिशातली सुतळी काढून पुढे केली, तर सरांनी नुसतं माझ्याकडे बघितलं. मी सुतळी परत ठेवली.

शिरवळ ते सातारा हा टप्पा जुईने मागून घेतला होता. "बाबांचा टप्पा मी घेणार," एवढंच ती म्हणाली होती. त्यावर सगळ्यांनी मान डोलावली. दोन वर्षांपूर्वी तू याच टप्प्यावरून परतला होतास, हे सगळ्यांना माहीत होतं. का परतलास, त्यातलं खरं मला एकट्याला.

आता लिहितो. पुढे ढकलून उपयोग नाही.

दोन वर्षांपूर्वी त्या दिवशी मी घरात टीव्ही लावून बसलो होतो. तू शिरवळहून निघाल्याचा निरोप फिरोजने दिला होता. थोड्या वेळाने टीव्हीत खालच्या पट्टीवर अक्षरं सरकली, महामार्गावर अपघात, सायकलस्वार जखमी. कुठला महामार्ग, कुठलं गाव, काहीच नाही. पट्टी पुन्हा येईल म्हणून मी बघत राहिलो, ती आली नाही. तुला फोन लावला. अकरा वेळा लावला. तू सायकलवर, तू कसा उचलणार? हे मला समजत होतं, तरी बोट थांबत नव्हतं.

मग फिरोजला लावला, त्याने उचलला. तो म्हणाला, "काका, संज्या मस्त चाललाय, घाट चढून उतरला पण, साताऱ्याला पोचेलच आता."

तेवढ्यावर मी फोन ठेवायला हवा होता, हो ना? तू घाट चढला होतास. तू सुखरूप होतास. पण अजून कराड होतं, कोल्हापूर होतं, ते सगळे ट्रक होते. आणि माझ्या तोंडून निघालं, "फिरोज, माझ्या छातीत कळ येतेय रे. संजूला परत पाठव."

संजू, माझ्या छातीत काहीही होत नव्हतं.

हे लिहिलं आणि पाच मिनिटं पेन बाजूला ठेवलं. उठून दाराची कडी बघून आलो. लावलेलीच होती.

दोन तासांत तू आलास. जिन्यावर तुझ्या त्या सायकलच्या बुटांचा टक टक आवाज. इतक्या घाईत होतास की बूटही बदलले नव्हतेस. मला उचलून रिक्षात घातलंस. डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, छाती तपासली, म्हणाले गॅस असेल. तू स्टुलावर बसला होतास, अंगातला तो पिवळा शर्ट घामाने खारट होऊन वाळला होता. घरी आल्यावर तू स्वयंपाकघरात गेलास. ओट्याजवळ माझी पोह्यांची ताटली होती, चाटून पुसून खाल्लेली. तू ती उचलून धुवायला ठेवलीस. बाहेर आलास आणि विचारलंस, "बाबा, जेवलात का?"

बस. तेवढंच. सराव अर्धं वर्ष केला होतास, दहा किलोमीटरवर सातारा होता, संघ बाद झाला होता, आणि तू विचारलंस, जेवलात का.

तुला कळलं होतं का रे? ती ताटली बघून कळलं होतं का? नंतर आठ महिने आपण ताटाला ताट लावून जेवलो. तू कधी विषय काढला नाहीस, मी कधी सांगितलं नाही. तापात तू पडलास तेव्हा मी ठरवलं, दवाखान्यातून घरी आला की सांगू. आजारी माणसाला कशाला त्रास द्यायचा? असा मी हिशेबी!

आता रविवारचं पुढे.

खंबाटकीचा चढ लागला. ट्रक असे रांगत होते की त्यांच्यामागे धुराचा पडदा. जुई कडेच्या पांढऱ्या रेषेवरून चढत होती. आमची गाडी मागे होती. पहिली वळणं तिने छान काढली. मग तिचे खांदे हलायला लागले, सायकल डावी-उजवी व्हायला लागली. मागून एका ट्रकने जोरात हॉर्न दिला.

मी फिरोजला म्हणालो, "पुढे काढून थांबव. मला लघवीला लागली आहे."

बघ, पुन्हा खोटं! सरांनी घड्याळ बघितलं, पण माझ्या वयाच्या माणसाला यावर कोण काय बोलणार? गाडी शेवटच्या वळणाच्या पुढे थांबली. मी उतरून मागे चालत आलो, कठड्याला टेकून उभा राहिलो.

तुला आठवतं, आम्ही कारखान्यातले दहा-बाराजण इथून पिंपरीला सायकलने जायचो? येताना मार्केट यार्डाच्या पुढे चढ लागला की आमची एक पद्धत होती. ज्याच्या पायात जोर शिल्लक असेल त्याने शेजारच्याच्या पाठीला तळहात लावायचा आणि चढ संपेपर्यंत काढायचा नाही. विचारायचं नाही, आभार मानायचे नाहीत. कुणाचा हात आहे हे मान वळवून बघायचंसुद्धा नाही. तीस वर्षं मी असे हात दिले आणि घेतले. आणि एकदा, तू आठवीत असशील, दुपारची शाळा सुटल्यावर चढाच्या खाली येऊन थांबला होतास. माझ्या पाठीला एक लहान तळहात लागला. मी वळून बघितलं नाही. पद्धत पाळली. पण हात कुणाचा, ते मला माहीत होतं!

जुई वळणावरून आली. तोंड उघडं, डोळे रस्त्यावर. ती मला दिसलीच नाही बहुतेक... म्हणजे मी तिला. मी धावलो, संजू. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस चपला घालून खंबाटकीत धावला. तिच्या पाठीला तळहात लावला आणि लोटलं. दहा पावलं असतील, बारा असतील. मग धाप लागली आणि हात सुटला. ती पुढे गेली. तिने मान वळवली नाही.

घाटमाथ्यावर नारिंगी जाकिटातल्या एका बाईंनी आमची गाडी थांबवली. स्पर्धेच्या निरीक्षक, स्कूटरवर होत्या. जुई तोवर उतारावरून लांब गेली होती.

"काका, वळणावर तुम्ही होतात ना? तुम्ही त्या मुलीला हात लावलात का? मध्ये ट्रक होता, मला नीट दिसलं नाही."

फिरोज लगेच म्हणाला, "मॅडम, त्यांना साखरेचा त्रास आहे. सारखं उतरावं लागतं."

"मी साखरेचं नाही विचारलं. हाताचं विचारलं."

माझ्या तोंडात 'नाही' तयार होतं. छातीत कळ येतेय हे जसं आलं होतं तसंच, न बोलावता आलं होतं. कुणी बघितलं नव्हतं. 'नाही' म्हटलं असतं तर बाई स्कूटर वळवून गेल्या असत्या आणि जुई वेळेत पोचली असती. तुझ्या मुलीसाठी एवढंसं खोटं बोलायला काय हरकत होती? पण एका खोट्याने तुझी वाट अडवली होती. आता दुसऱ्याने तिची मोकळी करायची? मला ते पटेना. मी नीट विचार केला असंही नाही. तोंडातून शब्द गेला तो दुसराच.

"लावला," मी म्हणालो. "लोटलं मी तिला."

बाईंनी वहीत लिहिलं. दंड म्हणून साताऱ्याच्या थांब्यावर संघाने पंधरा मिनिटं उभं राहायचं. आम्ही गाडीत बसलो. सर म्हणाले नाहीत की मी सांगितलं होतं. ते म्हणाले असते तर बरं वाटलं असतं.

साताऱ्याला जुई काय आली म्हणून सांगू! लाल झालेली, हसत. ठरलेल्या वेळेच्या आधी. तिने पट्टा सोडून फिरोजच्या हाताला बांधला आणि बाईंनी हात आडवा केला.

"पंधरा मिनिटं."

"का?" जुईने विचारलं.

"माझ्यामुळे," मी म्हणालो.

ती बघतच राहिली. "म्हणजे तो हात तुमचा होता?"

फिरोज रेषेवर सायकल धरून उभा. सर केळं सोलत होते. पंधरा मिनिटं कुणालाच कुठे जाता येत नव्हतं. मला वाटलं, आता नाही तर कधी? मी सगळं सांगितलं. टीव्हीची पट्टी, अकरा फोन, छातीतली कळ.

सरांनी सोललेलं केळं तसंच हातात धरलं. "म्हणजे छाती दुखत नव्हती?"

"नाही."

"जराही?"

"नाही."

"त्या दिवशी मी दोन सायकली टेम्पोत घालून एकटा पुण्याला परत आलो," सर म्हणाले. "वाटभर देवाला विनवत होतो की काकांना वाचव. मी देव मानत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे."



फिरोजला मी विचारलं, "संजू तुला काही म्हणाला होता का रे? त्याला कळलं होतं का?"

फिरोजने ब्रेक दाबून सोडून बघितले. "नाही काका. येताना गाडीत एकच म्हणत होता, जोरात चालव, जोरात चालव. नंतर कधी त्याने विषय काढला नाही. खोटं कशाला सांगू?"

जुईने बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतलं आणि गाडीत जाऊन बसली.

पुढचं थोडक्यात लिहितो. फिरोजने कराड गाठलं, सरांनी पेठ नाका, शेवटचा टप्पा जुईचा. समोरून वारा होता. पंचगंगेच्या पुलाजवळ तिने पाय जमिनीला टेकले तेव्हा चार वाजून आठ मिनिटं झाली होती. आठ मिनिटं, संजू! ती पंधरा मिनिटं नसती तर? तुझ्या शाळेतल्या पोरालाही हे गणित येईल.

पदक वेळेत येणाऱ्यांना. बाकीच्यांना गुळाचा खडा. आम्ही चौघं रस्त्याच्या कडेला उभे राहून गूळ खात होतो. सर माझ्याकडे वळून म्हणाले, "मागच्या वेळी सातारासुद्धा दिसला नव्हता. या वेळी कोल्हापूर आलं. काका, आपली प्रगती आहे." फिरोजला हसू आलं, मग मलाही, आणि मग माझे डोळे भरले. सरांनी त्यांच्या खड्यातला अर्धा मोडून माझ्या हातावर ठेवला.

जुई हसली नाही. परत येताना कराडच्या पुढे ती बोलली, तेही खिडकीकडे बघत.

"आजोबा, मी चढत होते. हळू चढत होते, पण चढत होते. पाय टेकला नव्हता. बाबांचा घाट मी शेवटच्या वळणापर्यंत एकटीने आणला होता. आता मी चढले असते की नाही, हे मला कसं कळणार?"

मला वाटलं होतं ती आठ मिनिटांसाठी रागावली आहे! तिचं गेलं होतं ते निराळंच, आणि ते मी घेतलं होतं.

तेव्हापासून मी एकच विचार करतोय. तो हात मी जोर द्यायला लावला, की धरून ठेवायला? आमच्या पद्धतीत ज्याला हात मिळायचा तोही थकलेला आणि देणाराही त्याच चढावर, त्याच्याबरोबर पायडल मारत असायचा. मी तर कठड्याला टेकून उभा होतो. चढ तिचा होता, भीती माझी होती. आणि ते अकरा फोन, ते तरी काय होते? तुझी काळजी म्हणायचो मी त्याला. इतकी वर्षं तूही तसंच समजून घेतलंस. एकदा तरी ओरडायचं होतंस रे माझ्यावर! "बाबा, पुरे," म्हणायचं होतंस. तू फार गप्प राहिलास, हे माझं तुझ्यावरचं गाऱ्हाणं. मुलगी तुझ्यासारखी नाही, हे बरं झालं.

तीन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. गोळी घेतली का, पाणी गरम आहे. आज पहाटे जिन्याकडे बुटांचा तो टक टक आवाज झाला आणि मी अंथरुणात उठून बसलो. क्षणभर कोण वाटलं, ते तुला माहीत आहे. दार उघडलं तर जुई, खांद्यावर सायकल.

"खंबाटकीला जाऊन येते."

"फिरोज येतोय?"

"नाही. एकटी."

ट्रक, हेल्मेट, हवा, पाणी, सगळं माझ्या घशापर्यंत आलं. दोन्ही हातांनी मी दाराची चौकट धरली.

"बरं," मी म्हणालो.

दोन जिने उतरून ती थांबली. वर न बघता म्हणाली, "पोचले की आईला मेसेज करीन. तुम्हाला नाही."

बारा वाजून गेले आहेत. रंजनाला विचारायचं झालं तरी फोनच लावावा लागेल, आणि फोन डब्यात आहे. आता ती परतीच्या वाटेवर असेल. की अजून चढत असेल? की कडेला थांबली असेल? बघ, सुरू झालं माझं. डब्याकडे दोनदा बघून आलो, झाकण उघडलं नाही.

संजू, तुला एक शब्द देतो. ती गेली की तिच्यामागे फोन लावणार नाही. कळ, लघवी, काहीच मधे घालणार नाही. भीती वाटेलच, ती कुठे जाणार? ती मी इथे घरात घेऊन बसेन. पुढच्या वर्षी संघ निघाला आणि त्यांनी मला गाडीत घेतलं, तर खंबाटकीच्या वळणावर मी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहीन.

आणि आज तो टक टक आवाज जिना चढून वर आला, की दार मी उघडीन. चढलीस का, असं विचारणार नाही. तिला सांगावंसं वाटलं तर ती सांगेल. मी एवढंच विचारीन, जेवलीस का?

तुझा,
बाबा